रकमेआधी तारीख ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या एका गावचे, आता पुण्यात नोकरीला असलेले सहा-सात मित्र गावातल्या पंचवीस म्हाताऱ्या माणसांना दरमहा हजार रुपये द्यायचं म्हणताहेत. त्यांच्या शंका तीन. सरकार दीड हजार देतंच, वर आमच्या हजाराने काय होणार? पैसे मुलंच काढून घेतात म्हणतात, मग रोख कशाला, किराणाच का देऊ नये? आणि दारू-तंबाखूत गेले तर?

मी याच भागात वीसेक वर्षं निराधारच्या फायली करते. संजय गांधी, राज्याची म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ, विधवा, अपंग, सगळ्याच. आमच्याकडे या पैशाला कुणी अनुदान म्हणत नाही, निवृत्तिवेतन तर नाहीच. 'पगार' म्हणतात. "बाई, माझा पगार आला का गं?" आयुष्यभर ज्यांना कधी महिन्याचा पगार मिळाला नाही त्यांनी हा शब्द उचलला, आणि बरोब्बर उचलला, असं मला वाटतं. पगाराला तारीख असते. माझं सगळं उत्तर त्या तारखेभोवतीच आहे.

दोन घरं सांगते. दोन्ही एकाच वस्तीवरची, मध्ये एक बोळ.

पहिल्या घरातल्या आजीचा पगार अचानक बंद झाला. तहसीलला विचारलं तर म्हणे पैसे जातायत. बँकेत विचारलं तर म्हणे आलेच नाहीत. असं अकरा महिने चाललं. शेवटी कळलं, की मध्ये कधीतरी शाळेत शिबिर लागलं होतं, तिथे कुणीतरी तिचा अंगठा घेऊन दुसरंच खातं उघडलं आणि आधार त्याला जोडलं. आधारवर पाठवलेला पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंय तिथे जातो. म्हातारी जुनं पासबुक घेऊन जुन्या बँकेत हेलपाटे घालत होती आणि पैसे दुसरीकडे साठत होते. सापडले तेव्हा साडेसोळा हजार होते.

ते साडेसोळा हजार एका दिवसात गेले. मुलगा वाईट नाही. त्याच्या अंगावर मुकादमाची उचल होती, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, आदल्या हंगामात कोयता पुरा चालला नव्हता, बाकी राहिली होती. एकदम हातात आलेली रक्कम घराची होते, आणि घरात सगळ्यांत मोठं भोक जिथे असतं तिथे जाते. आजीला एक लुगडं आलं. तिची तक्रारही नव्हती. "त्याचंच फिटलं न्हवं," म्हणाली.

बोळाच्या पलीकडच्या आजीला बऱ्यापैकी वेळेवर मिळत होते. तिचं गावातल्या दुकानात खातं आहे. तिच्या एका महिन्याची वही मी पाहिली: साखर दोन किलो, चहापत्ती, गोडेतेलाची पिशवी, मीठ, तिखट, कपड्याचा साबण, काडेपेट्या, मिश्रीची पुडी, दळणाचे वेगळे, आणि चार ठिकाणी 'बिस्कीट, नातू'. किराणा आठशेच्या आसपास. उरलेल्यातून मोबाइलला रिचार्ज, तालुक्याला जाऊन बीपीच्या गोळ्या, नातवाची वही, कुणाच्या तरी लग्नाला एकशे एक. हिचाही मुलगा ऊसतोडीलाच जातो, त्याच्याही अंगावर उचल आहे. पण दीड हजार त्याने कधी मागितले नाहीत, कारण दीड हजाराने उचल फिटत नाही.

म्हणजे तेच सरकार, तोच पैसा, जवळपास सारखीच घरं. महिन्याला आला तर तो म्हातारीचा होतो, साठून आला तर घराचा होतो. 'मुलं काढून घेतात' या तक्रारीची मुळं मी खणत गेले तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तळाशी दुष्ट मुलगा नव्हता, तीन-चार महिन्यांचं थकलेलं अनुदान एकदम आलेलं होतं. दुष्ट मुलगेही आहेत, त्यांच्याकडे येते.

हे आमच्याच गावाचं नाही. पश्चिम केनियातल्या खेड्यांत गिव्हडायरेक्टली नावाची संस्था गरीब घरांना थेट रोख देते. त्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथली माणसं खास म्हातारी नव्हती, पण निष्कर्ष ओळखीचा निघाला: महिन्याच्या हप्त्याने पैसे मिळाले त्या घरांतली खाण्यापिण्याची ओढाताण जास्त कमी झाली, आणि एकरकमी मिळाले त्यांचा कल टिकाऊ वस्तूंकडे गेला. तरुण घराला एकरकमी पैसा बरा, त्यातून पत्रे येतील, शेळ्या येतील. सत्तरीच्या माणसाला घराचे पत्रे बदलायचे नसतात, त्याला उद्याचा चहा हवा असतो.

आता दुकानाच्या वहीची दुसरी बाजू, जी बाहेरून दिसत नाही. ज्या म्हातारीचा पगार वेळेवर येतो तिला दुकानदार उधार देतो. ज्याचा पगार कधी येईल ते सांगता येत नाही त्याला देत नाही, किंवा देतो पण हात आखडून. तारीख पक्की असली की दीड हजाराची ताकद दीड हजारापेक्षा जास्त होते, कारण रात्री ताप आला तर कुणाकडून तरी दोनशे घेता येतात. "पगार झाला की देते" हे वाक्य बोलता येणं ही म्हातारपणी मोठी गोष्ट आहे. सुनेशी बोलण्याचा सूरसुद्धा त्याने बदलतो. हे मोजता कसं येईल ते मला माहीत नाही, पण घरात पाय ठेवला की कळतं.

नातवंडांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात तोच गाभा आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गाव रिकामं होतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पुढचे पाच-सहा महिने त्या घराचा कर्ता पुरुष म्हणजे आजी. उचल आधीच खर्चून झालेली असते, कारखान्यावरून पैसे येतील याचा भरवसा नसतो. घरात रोख येण्याची एकच वाट असते, ती म्हणजे हा पगार. दक्षिण आफ्रिकेतही सरकारी वृद्ध पेन्शनवर अशीच घरं चालतात. तिथे अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी २००३ साली दाखवलं की पेन्शन आजीच्या हातात आली तर घरातल्या नातींची वाढ सुधारते, आजोबांच्या हातात आली तर तसा परिणाम दिसत नाही. आमच्याकडच्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांना राग येतो, पण दुकानाच्या वह्या बघितल्या तर बिस्कीट, वही, अंडी या नोंदी आज्यांच्याच पानांवर जास्त असतात. म्हणून तुमच्या पंचवीसांच्या यादीत नवरा-बायको दोघं असतील तर पैसे बायकोच्या हातात द्या. वाद होईल, होऊ द्या.

दारू-तंबाखूचं इथेच उरकते. काही म्हातारे पितात. ते पगार नव्हता तेव्हाही पीत होते. म्हाताऱ्या मिश्री लावतात, आणि सत्तर वर्षांच्या बाईची मिश्री सोडवायला आपण पुण्याहून आलेलो नाही.

किराणा का देऊ नये? कारण धान्याचा प्रश्न रेशनने बराचसा सोडवलेला आहे. माणशी पाच किलो किंवा अंत्योदयचं पस्तीस किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. म्हातारीकडे गहू-तांदूळ असतो. नसतं ते त्याची भाकरी-आमटी होण्यासाठी लागणारं बाकीचं: दळणाचे पैसे, तेल, मिरची, जळण, आणि दवाखान्यात जायला रिक्षा. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, पण एसटी फाट्यावर थांबते आणि फाट्यापासून वस्ती तीन किलोमीटर. एकदा एका मंडळाने दिवाळीला किट वाटली होती. त्यात पाच किलो आटा होता. ज्या आजीला दात नाहीत, चूल एकटीची आहे, तिने तो आटा दुकानदाराला निम्म्या किमतीत देऊन तेल आणलं. तिने हिशोब बरोबर केला. वाटणाऱ्यांचा चुकला.

तुमची पहिली शंका राहिली, सरकारी पैशावर वर हजार कशाला. त्यासाठी आधी सरकारी पैशाची कुंडली बघा. केंद्राने राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं तेव्हा महिना ७५ रुपये होते. २००६ मध्ये २०० झाले. २०११ मध्ये वय ६५ वरून ६० वर आणलं आणि ऐंशीच्या पुढच्यांना ५०० केले. त्यानंतर केंद्राचा आकडा हलला नाही. २०११ चे दोनशे आजच्या बाजारात शंभराचीही खरेदी करत नाहीत. आपल्या राज्याने श्रावणबाळमधून वरची भर घातली, म्हणून ६०० चे २०१९ मध्ये हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाले. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद २०१२ मध्ये दिल्लीत धरणं धरून बसली होती. मागणी होती किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन, सगळ्यांना. तो हिशोब आजही लावून बघा, दीड हजार किती तोकडे आहेत ते दिसेल.

आणि एक. 'सरकार देतंच' हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. एवढ्या उत्पन्नात कुणी जगत नाही, सरकारलाही माहीत आहे. त्यामुळे अख्खा तालुका दाखल्यावर २१,००० च्या आत बसतो, ज्याला तलाठ्याकडे कुणी ओळखतं तो बसतो, ज्याला नाही तो राहतो. लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा आणि म्हाताऱ्या बाईला एकवीस हजारांची, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं. लाडकी बहीण पासष्टीला संपते. तिथून श्रावणबाळमध्ये जाताना ज्या बायका या एकवीस हजारांच्या उंबऱ्यावर अडखळतात, त्यांच्या फायली आता माझ्याकडे येऊ लागल्या आहेत.

वयाचा घोळ वेगळाच. गेल्या वर्षी एक मावशी आल्या. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६४. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीला असतो, कारण नोंदणीवाल्याने विचारलं 'वय किती', यांनी सांगितलं 'लिवा की काय लिवायचं ते'. कागदावर त्या एकसष्टच्या, म्हणजे श्रावणबाळच्या पासष्टीच्या अलीकडे. मी विचारलं, बहात्तरचा दुष्काळ आठवतो का? म्हणाल्या, "न आठवायला काय झालं? खडी फोडायला जायची मी, थोरला कडेवर होता, सुकडी मिळायची त्याला." म्हणजे तेव्हा त्या वीसच्या आसपास धरा, आज सत्तरी उलटलेली. कागद म्हणतो आठ वर्षांची मुलगी मूल कडेवर घेऊन खडी फोडत होती. वय दुरुस्तीला ग्रामीण रुग्णालय, आधार केंद्र, तहसील अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला सोबत एक माणूस लागतो आणि त्या माणसाची मजुरी बुडते.

म्हणून माझा पहिला सल्ला पैशाचा नाहीच. पंचवीस जणांचे वर्षाचे तीन लाख होतात. पहिले दोन-तीन महिने हप्ता सुरू न करता त्यातले तीस-चाळीस हजार फायलींवर घाला. कुणाचा पगार सुरू नाही, कुणाचा अडकलाय, कुणाचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय, कुणाच्या बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठाच उठत नाही, कुणाचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने झोपलंय. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांना केंद्राचे दोनशे आणि राज्याचे तेराशे वेगवेगळे पडतात, त्यामुळे फक्त एकच हिस्सा येणारीही माणसं निघतात आणि त्यांना ते कळलेलं नसतं. गावातला एखादा बारावी झालेला पोरगा धरा, त्याला रोजची मजुरी आणि गाडीचं पेट्रोल द्या. दहा जणांचा पगार जरी चालू झाला तरी ती मदत तुमचं मंडळ मोडल्यावरही चालू राहील. मंडळं मोडतात. रागावू नका, मी बरीच पाहिली आहेत.

मग हप्ता. महिन्याच्या तारखेपेक्षा बाजाराच्या वाराला धरून ठेवा. आपल्या गावाजवळचा आठवडी बाजार ज्या वारी असतो, महिन्यातल्या पहिल्या तशा बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे हातात पडले पाहिजेत. एकदा ठरलं की एक दिवसही हलवू नका. हजार जमत नसतील तर सातशे द्या, पण दोन महिन्यांचे मिळून चौदाशे नको. खात्यात टाकायचे की हातात द्यायचे, हे माणूस बघून ठरवा. ज्याला बँक मित्राकडे, म्हणजे गावातच अंगठा घेऊन बँकेचे पैसे देणाऱ्याकडे, चालत जाता येतं आणि ज्याचा अंगठा उठतो त्याच्या खात्यात टाका. पण बँक मित्र पैसे काढायला वीस-पन्नास कापतो का, हे आधी विचारून घ्या. कापायचा त्याला अधिकार नाही, तरी काही जण कापतात. बाकीच्यांना घरी नेऊन द्या.

पंचवीस कोण, हा कळीचा मुद्दा आहे. 'सगळ्यांत गरीब' शोधू नका. गरिबी शोधायला गेलात की पुढारी यादी देतो, आणि यादीत नसलेली म्हातारी तुमच्याशी आणि यादीतल्या म्हातारीशी बोलणं सोडते. वयाची रेघ मारा. तुमच्या गावात पंचाहत्तरीपुढचे किती आहेत मोजा. पंचवीस-तीस निघाले तर त्या सगळ्यांना द्या, पाटलाच्या आईलासुद्धा. ती घेणार नाही, किंवा घेऊन शेजारणीला देईल. एकट्या राहणाऱ्या विधवा मात्र वय न बघता घ्या. त्यांच्याबद्दल गावात वाद होत नाही.

आता दुष्ट मुलगे. पगार सुरू झाल्यावर आईला वेगळं काढल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. "तुला पगार हाय न्हवं, खा की करून." दक्षिण आफ्रिकेत अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी मोजलं होतं, की पेन्शनचा एक रुपया म्हाताऱ्यांना मिळाला की मुलं पाठवत असलेले पंचवीस-तीस पैसे कमी होतात. म्हणजे उरलेले सत्तर-पंचाहत्तर पैसे त्यांचे राहतात, हेही त्याच आकड्यात आहे. आणि मुलांचा तो हात आखडणं दरवेळी निर्दयपणा नसतो. त्या मुलाची पोरं शाळेत असतात.

आमच्याकडचा खरा तिढा पाळीचा आहे. तीन मुलगे असले की आई चार-चार महिने एकेकाकडे. पगार महिन्याच्या महिन्याला आला तर कुणालाच काही वाटत नाही. तो थकून एकदम आला की तो कुणाच्या पाळीत आला यावरून भांडणं. एका घरी मी पाहिलं, थोरल्याकडे आईची पाळी संपली त्या संध्याकाळी तिचं गाठोडं धाकट्याच्या दारात ठेवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी पाच महिन्यांचे पैसे पडले. थोरल्याची बायको पंधरा दिवस सासूशी बोलली नाही. म्हातारीचा त्यात दोष काय, तर तारखेचा. तुमचा हप्ता असा कुणाच्या पाळीत अडकता कामा नये.

पासबुक मुलाकडे असेल तर ते काढून घ्यायला जाऊ नका. तुम्ही महिन्यातून एक दिवस येणार, तिला उरलेले एकोणतीस दिवस त्याच घरात काढायचे आहेत. फक्त तुमचे पैसे तिच्या हातात, तिच्याशी बोलत, दोन घोट चहा घेऊन द्या. मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील तर गोष्ट वेगळी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, निर्वाह भत्ता लावून घेता येतो. पण म्हातारी मुलाविरुद्ध अंगठा द्यायला क्वचितच तयार होते, आणि तिच्या वतीने आपण चिडणं सोपं असतं.

रोख पैशाने काय होत नाही तेही सांगते. मोतीबिंदू. पैसे असले तरी शिबिराची तारीख, सोबतीला माणूस आणि नंतर डोळ्यात थेंब टाकायला हात लागतो. उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या संपल्या तर हजार रुपये तिला गोळी देऊ शकत नाहीत, तालुक्याला जायचं भाडं तेवढं देतात. कवळी, काठी, कमरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार मिळतात, त्याचा अर्ज त्याच फायलीबरोबर करून टाका. आणि एकटेपणाला पैसा पुरत नाही, पण त्याला चहा पाजायला पुरतो. पगार झाल्या दिवशी आज्या एकमेकींना चहाला बोलावतात. तो दिवस बघायला एकदा या.

पावत्या, फोटो, 'कशावर खर्च केले' याची वही, यातलं काही नको. देणगीदारांना हिशोब हवा असेल तर पैसे कुणाला, कुठल्या दिवशी पोचले एवढंच लिहा. आणि किती दिवस देणार ते पहिल्याच भेटीत सांगा. तीन वर्षं म्हणालात तर तीन वर्षांचे नऊ लाख आधी नजरेसमोर असू द्या. सहा महिन्यांनी बंद पडणारा हप्ता न दिलेलाच बरा, कारण तोवर तिने दुकानात खातं उघडलेलं असतं.

सुरुवात दिवाळीनंतर, टोळ्या गेल्या की करा. त्या आठवड्यात गावात कोण उरलंय ते आपोआप दिसतं. ग्रामपंचायतीत सभा घेऊन नावं विचारू नका. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी वस्तीवरून एक चक्कर मारा. ज्या घरातून धूर निघत नाही, त्या दारात थांबा.